मदरहीम आगाचं खरबूज आणि अपेंडिक्स

ऊर्गेंच शहरातल्या दवाखान्यासमोर खरबुजांची गाडी लावणाऱ्या मदरहीम आगाच्या जिवाला एकच घोर होता. चिल्ल्याचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या चाळीस दिवसांचं, ऊन चढलं, रस्त्याचं डांबर मऊ पडलं, की बाजारात खरबुजं येत आणि नेमके तेव्हाच दवाखान्यात अपेंडिक्सचे पेशंटही वाढत. लोकांनी निकाल देऊन टाकला होता: खरबुजाची बी आतड्यात अडकते. थंडीत बघा, खरबूजही नाही आणि तेवढी ऑपरेशनंही नाहीत.

आगाचा जन्मच मळ्यातला. मालावरचा आळ त्याला कसा सोसावा? त्याने युक्ती काढली. रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर एक फोड बियांसकट तोंडात घालायची आणि छाती ठोकून म्हणायचं, "मी रोज खातो. झालंय मला काही?" लोक वळले की फोड बादलीत. जन्मभर खरबुजांतच वावरून त्याला त्यांचा इतका वीट आला होता, की घास घशाखाली उतरत नसे.

यंदा एका रणरणत्या दुपारी त्याच्या बेंबीपाशी कळ उठली आणि संध्याकाळपर्यंत उजवीकडे सरकली. शेजारी नान विकणाऱ्या बीबिजानने त्याला धरून रस्त्यापलीकडे नेलं. सर्जन इंतिझार आपांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं.

सकाळी वॉर्डात हीच चर्चा. "रोज बियांसकट खायचा ना? भोगा आता," शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला. बीबिजान बातमी घेऊन आली की गाडीकडे माणूस फिरकत नाही. आगाने मनात हिशोब मांडला. गप्प बसावं तर खरबूज कायमचं गुन्हेगार, बोलावं तर आपण खोटारडे. मोठा कठीण प्रसंग होता.

आपा टाके बघायला आल्या, तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपा, मी कित्येक वर्षांत एक फोड गिळलेली नाही. थुंकून टाकतो. खोटं मी बोललो, खरबुजाचा काही दोष नाही."

आपा खळखळून हसल्या. "मग सुटलं बिचारं! अहो आगा, उन्हाळ्यात अपेंडिक्स जास्त दिसतं, एवढंच खरं. कोणी म्हणतं उष्म्यानं, कोणी म्हणतं पोटातल्या जंतूंनी. नक्की कोणालाच सांगता येत नाही. खरबूज त्याच दिवसांत पिकतं, म्हणून तावडीत सापडतं."

"आणि मला म्हणायचास, 'बीबिजान, माझ्यासारखं खात जा!'" असं फणकारून बीबिजान तरातरा निघून गेली. आगाचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची शेजारीण गेली, असं त्याला वाटलं आणि ते टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

थोड्या वेळाने खिडकीतून तिचाच खणखणीत आवाज आला. "या, या! मालक एक नंबरचा लबाड, पण माल अस्सल! त्यानं गिळलेलंच नाही, मग अपेंडिक्स कुठून झालं? या!"

दुपारी ती खरबुजांची रिकामी टोपली घेऊन दारात उभी राहिली. आगाने आधी टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उद्याही," तो म्हणाला, "मला असंच लबाड म्हण."