वीरधवलच्या नंबरावर गेलेला कोड

उंब्रजच्या मानसिंगदादांनी लष्करात उभी हयात ट्रक हाकला, तोही लडाखच्या घाटांतून. निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी दगा दिला. मग पोरानं, वीरधवलनं, कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम टाकून दिला. बाप गाडी हाकायचा, पोरगा शेजारी बसून रस्ता सांगायचा. बापलेकांचं बोलणं काय ते तेवढंच. गॅस, लाइट, बँक, घरातल्या सगळ्या गोष्टींना नंबर वीरधवलचाच असायचा. गेमच्या खात्यालाही तोच होता.

पुढं वीरधवलनं सांगलीच्या सोनमशी जातीबाहेर लग्न केलं. भावकी दारात जमली आणि दादांनी चारचौघांदेखत पोराच्या नावानं आंघोळ केली. जित्या पोराच्या! त्याला अक्कल लागत नाही, ताठा लागतो, आणि तो दादांकडं पोत्यानं होता. नंतर त्यांनी स्वतःचा नवा मोबाइल घेतला आणि गॅसचा, बँकेचा, सगळीकडचा नंबर बदलून घेतला. गेमचा तेवढा ठेवला. बायकोला, चंद्राबाईंना, म्हणाले, ध्यानातनं गेलं.

यंदा त्या गेममध्ये बर्फाच्या घाटांचा नवा भाग आला. तो वेगळा विकत घेऊन मूळ गेमवर चढवावा लागतो. दादा कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून भाऊसोच्या दुकानात आले. भाऊसो वीरधवलच्या वर्गातला. त्यानं खटपट करून पाहिली आणि चाचरत सांगितलं की खातं उघडायला कोड लागतो, आणि तो जातोय वीरधवलच्या मोबाइलवर.

दादांना हे घरातनं निघतानाच ठाऊक होतं. घाट हे निमित्त. आपण होऊन फोन करायचा तर नाक आडवं येत होतं. कामासाठी करावा लागला तर गोष्ट वेगळी. पोराचा आवाज ऐकायला जीव तुटत होता म्हाताऱ्याचा. तो एवढं तरी विचारेल, गुडघं कसं हायत म्हणून.

"लाव मग," दादा म्हणाले. "काय करतूस."

भाऊसोनं फोन स्पीकरवर टाकला, काम सांगितलं आणि दादा इथंच बसलेत हेही सांगितलं. वीरधवलनं कोड सावकाश वाचून दाखवला. खातं उघडलं, घाटांचा भाग कॉम्प्युटरवर उतरायला लागला. दादा मुद्दाम खाकरले. भाऊसोनं फोन त्यांच्यापुढं सरकवला. दादा पडद्याकडंच बघत बसले.

"भाऊसो, ठिवू नगंस," वीरधवल म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "दादांचा नंबर सांग. खात्यावर त्योच घालतो. म्हंजी म्होरं त्यास्नी माझ्यापायी अडून बसाय नगं."

भाऊसोनं दादांकडं पाहिलं. नंबर त्याला पाठ होता, तरी त्यानं फोन त्यांच्या आणखी जवळ सरकवला. शेवटी दादाच फोनवर वाकले आणि एकेक आकडा सांगत गेले. पोराशी इतक्या दिवसांनी ते बोलत होते, आणि बोलत काय होते तर स्वतःचा नंबर. वीरधवलनं तो परत म्हणून दाखवला.

"बरोबर हाय का?"

"बरोबर हाय," दादा म्हणाले.

फोन बंद झाला. दादांच्या खिशातला मोबाइल वाजला. नंबर बदलल्याचा निरोप होता.

घरी चंद्राबाईंनी विचारलं, काम झालं का. दादा डबा जागेवर ठेवत म्हणाले, "झालं. आता कुणाला इचाराय लागायचं न्हाई."