खोकणारा भोंगा

शिवणयंत्रात तेल घातलं की त्या वासासरशी मी थेट शिवडीच्या बंद गिरणीत जाऊन पोचतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने शहर तापलेलं, आणि आम्ही तिघं दोस्त रविवारी सायकली हाणत पडक्या जागा धुंडाळायचो. त्या दिवशी भिंतीच्या भगदाडातून आत शिरलो आणि वेडेच झालो! केवढं ते सूतकताईचं खातं, छपरातून उन्हाचे झोत, पायाखाली कापसाचा लगदा, सगळीकडे जुन्या तेलाचा वास. कोपऱ्यात रिकामा बॉयलर. मी गावाकडचा नकल्या. त्यात डोकं खुपसून गिरणीचा भोंगा वाजवला. असा घुमला की कबुतरं उडाली आणि म्हातारा पहारेकरी धावत आला. माझी कॉलर धरून म्हणाला, "मेल्या, चल चौकीर!" माझी तंतरली. चौकीचं कळलं असतं तर बापाने उचलून गावी नेलं असतं, मुंबई खलास. एक दोस्त कळवळला, "काका, हा नुसती नक्कल करतो हो!" "कसली नक्कल? हो भोंगो शेजारच्या गिरणीचो! आमचो शेवटाक खोकायचो." "कसा?" मी विचारलं. म्हाताऱ्याने कॉलर सोडली, छातीत हवा भरली आणि वाजवून दाखवला, शेवटी दोन ढासा. मी लगेच उचलला. मग आम्ही दोघं बॉयलरमध्ये तोंड घालून वाजवतच सुटलो. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या चाळीतून कुणी ओरडलं, "गिरण सुरू झाली काय रे?" म्हाताऱ्याने बॉयलरमधून डोकं काढलं, पुन्हा काही घातलं नाही. आम्हाला भगदाडापर्यंत सोडायला मात्र आला. आता घरातली पोरं भोंगा करून दाखवायला सांगतात, तेव्हा मी शेवटी खोकतो. त्यांना वाटतं, माझं वय झालं.