लवूची माहेरवाशीण

लवू परबच्या हातांना माणसं भ्यायची, पाखरं नाही. मुलुंडला दहीहंडीच्या भांडणात त्याने एकाचा जबडा फोडला होता. वॉचमनची नोकरी तर सेक्रेटरीला जिन्यावरून ढकलून घालवली. असा माणूस पाखरांवर संशोधन करणाऱ्या मृणालिनीमॅडमनी पाखरं धरायला ठेवला, तेव्हा मी म्हटलं, वाट लागली. मी मॅडमचा सहायक, वजनमापं घेणारा. पण लवूच्या मुठीत पाखरू गप्प बसायचं.

मिठागरात पहाटे बारीक जाळं उभं करायचं, अडकलेल्या पाखराच्या पायात नंबराची कडी घालून सोडायचं, हे आमचं काम. तीच कडी कुणाला सैबेरियात दिसली, की पाखरांचा रस्ता कळतो आणि वाटेतली कुठली पाणथळ वाचवायची हे जगभरच्या शास्त्रज्ञांना सांगता येतं. लवूने पहिल्यांदा कडी घातलेला टिलवा, चिमणीएवढा पाणपक्षी, पायात पिवळी पट्टी, दोन हिवाळे परत आला. नर की मादी हे नुसतं बघून कळत नाही, पण लवूने ठरवूनच टाकलं. तो तिला माहेरवाशीण म्हणायचा. त्याच्या सख्ख्या बहिणीला सासरच्यांनी जाळून मारलं होतं, त्यामुळे आम्ही कधी हसलो नाही. यंदा डिसेंबर सरला तरी ती आली नव्हती, आणि लवू ज्याच्या त्याच्या अंगावर जात होता.

खाडीला भरती चढेल तसं जाळं वर सरकवावं लागतं, नाहीतर जाळ्याच्या खालच्या झोळात अडकलेली पाखरं बुडतात. ते काम लवूचं. मॅडम आणि मी बांधापलीकडे टेबलाशी असायचो.

त्या सकाळी लवू सांगत आला, शेजारच्या मिठागरात एक पाखरं विकणारा नायलॉनचं जाळं लावून बसलाय. मॅडमनी वनखात्याला फोन केला आणि लवूला जाळ्यापासून हलू नकोस म्हणून बजावलं. तो जाळ्याच्या दिशेने गेला. थोड्या वेळाने शेजारच्या मिठागरातून किंकाळी आली.

आम्ही पोचलो तेव्हा त्या माणसाचा गुडघा बांबूने फुटला होता आणि लवूचा कान वल्ह्याने फाटून लोंबत होता. लवू त्याचं तोंड चिखलात दाबत होता, वर काढत होता, पुन्हा दाबत होता. "पाखरांचे पंख पिळतंस?" एवढंच तो म्हणत होता. मी त्याची कंबर धरली, मॅडम हाताला लोंबकळल्या. सुटला तोवर त्या माणसाचे पुढचे दात गेले होते.

मग लवूने टोपली उघडली. पंखांत पंख अडकवून ठेवलेली पाखरं त्याने रक्ताळल्या बोटांनी हळूच सोडवली. सगळी उडाली. वनखात्याच्या ताब्यात द्यायला त्या माणसाला कॉलर धरून फरफटत त्याने आमच्या बांधावर आणलं.

आमचं जाळं अर्धं पाण्यात होतं. वरच्या झोळातल्या पाखरांची डोकी कावळ्यांनी फोडली होती, खालची बुडाली होती. लवू पाण्यात उतरून एकेक काढू लागला. एकीच्या पायात पिवळी पट्टी निघाली. त्याने तिच्या पिसांवर फुंकर घातली, तिला चांगल्या कानाशी धरलं, पुन्हा फुंकर घातली.

बांधावरचा माणूस रक्त थुंकून म्हणाला, "माझ्या टोपलीतली जिवंत होती ना रे."

मला वाटलं, आता हा त्याला संपवतो. लवूने बांधावरचा एक बांबू उचलला आणि त्या माणसाच्याच हातात दिला.

"मार माका," तो म्हणाला.

त्या माणसाने मारलं नाही. माहेरवाशीण मुठीत धरून लवू तसाच वाकून वाट बघत राहिला.