दुधाची टेस्ट

साहेबांनी टाकीतून थर्मामीटर काढला, हुंगला, बोटाला लागलेलं दूध चाटलं आणि माझ्या सुनेला विचारलं, "ताई, ही बासुंदी कोणी केली?"

डेअरीवाल्यांनी आमच्या गोठ्याशेजारी दूध गार करायची टाकी बसवली होती. ती दूध लवकर गार करते का, हे बघायला साहेब तलासरीहून आले होते. टाकी पास झाली की अख्ख्या पाड्याचं दूध आमच्या दारातच घेणार होते! नाहीतर माझ्या लेकाने, रमेशने, रोज उन्हात कॅन लादून चारोटीची डेअरी गाठायची, आणि निम्म्या वेळा दूध वाटेतच नासायचं.

आदल्या दिवशी सून म्हणाली होती, "आई, उद्या साहेब टेस्ट घ्यायला येणारेत. काही बिघडलं तर सगळं गेलं."

मी चौथी पास. टेस्ट म्हणजे चव, एवढं इंग्रजी मला येतं! (टीव्हीवर मसालेवाली बाई दुसरं काय बोलते?) सकाळी पाड्याचं दूध टाकीत पडलं. सून साहेबांसाठी खुर्ची आणायला गेली तेवढ्यात मी साखरेचा डबा रिकामा केला. वर वेलची, जायफळ. टाकीतला पंखा आपला आपण ढवळत होता. काय सोय केलीय, म्हटलं!

"मी केली," मी साहेबांना म्हटलं. "साखर कमी पडली का?"

"आजी, घातलेलं पाणी लपवायला लोक साखर टाकतात. ही भेसळ झाली!"

"पाणी? आणि वर जायफळ? एवढा खर्च करून भेसळ कोण करतं रे?"

"आई, तू गप बस!" रमेश ओरडला.

सून मात्र साखरेचा रिकामा डबा उचलून आत गेली. ते जास्त लागलं.

"टाकी पास," साहेब म्हणाले, "दूध नापास." टाकी उचलून शेजारच्या गावात नेली. रमेश अजून चारोटीला कॅन नेतो. त्याची गाडी सुरू झाली की मी भिंतीकडे तोंड करून पडते.

ते दूध? कोणी फेकू दिलं नाही. "आजीची पार्टी!" म्हणत पाडा ते कच्चंच तांब्या-तांब्याने गारेगार प्यायला. संध्याकाळी तेच तांबे घेऊन सगळे शेताकडे धावत होते! साखर घालणारीने चव तरी बघायची, पण मला शुगर आहे. थेंब चाखला नव्हता.

अख्ख्या पाड्यात धड राहिले ती मी एकटी.