एम, डी आणि महादूकाका

ताईच्या लग्नातून महादूकाकांना मी वगळलं, तेही विज्ञानाच्या मदतीने.

तेव्हा मी सुरतच्या एका साडीच्या पेढीत कॉम्प्युटरवर बसायचो. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटर येणारा मी एकटाच, त्यामुळे ताईचं लग्न ठरल्यावर पत्रिकांवरचे पत्ते छापायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. (आपोआप म्हणजे, मीच चार वेळा सुचवल्यावर.) शेठने रविवारी मशीन वापरायची परवानगी दिली.

पाहुण्यांच्या याद्या तिघांनी केल्या होत्या: अण्णांनी, आईने आणि मामांनी. त्या मी इंग्रजी अक्षरांत भरल्या, तर एकच माणूस तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत हजर! एकाच घरी तीन पत्रिका गेल्या तर लोक हसतील, म्हणून मी क्लासच्या पुस्तकात वाचलेली युक्ती वापरली. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, उरलेली व्यंजनं जुळली की माणूस एकच समजायचा. पण Namdeo आणि Namdev काही जुळेनात. मग मी स्वतःच्या बुद्धीने व्हीसुद्धा गाळायला लावला. एच आधीच गाळला होता, कारण आमच्याकडे तो कोण कुठे घालेल याचा नेम नसतो. आडनावाचा प्रश्न नव्हता. निम्मी यादी पाटलांचीच होती.

मशीनने एकतीस नावं उडवली. उडवलेल्यांचा कागदही छापून दिला. मी वरची पाच-सहा नावं पाहिली, सगळी बरोबर निघाली, आणि चहा प्यायला गेलो.

आता महादूकाकांबद्दल सांगायला हवं. ते अण्णांचे जुने मित्र. अण्णांना खानदेशातून सुरतेला आणलं ते त्यांनी. मागावर कामाला लावलं, नवागामच्या आपल्या खोलीत वर्षभर ठेवून घेतलं. ताईला खांद्यावर बसवून शाळेत नेलं तेही त्यांनीच. पुढे गणपतीची मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची यावरून दोघांचं बिनसलं आणि दोन वर्षं बोलणं बंद झालं. याद्या करताना अण्णांनी त्यांचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आई म्हणाली, तुम्हीच जाऊन सांगा. अण्णा म्हणाले, पत्रिका गेली की पुरे, महादू समजून घेईल.

पत्रिका वाटल्या मी, चिकटवलेला पत्ता वाचून, सायकलवर. लीलामावशी आणि लालाभाऊ या दोघांत मिळून एकच पत्रिका निघाली, पण दोघं एकाच चाळीतले, त्यामुळे ते निभावलं.

लग्नात अण्णा सारखे मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभे राहत होते. अक्षता पडायच्या वेळी भटजींनी दोनदा हाक मारली तेव्हा आत आले. रात्री मांडव रिकामा झाल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "महादू उना नही." आला नाही म्हणजे नाहीच. त्यानंतर घरात काकांचं नाव निघेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी मी तो कागद खालपर्यंत वाचला. Mahadu Patil. त्यातले स्वर आणि एच गाळले की उरतं एम, डी. Madhav Patilमधले स्वर, एच आणि माझा तो व्ही गाळला की उरतं एम, डी. माधव पाटील म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले. ते सहकुटुंब येऊन जेवून गेले होते.

मी लगेच सांगायला हवं होतं. पण गल्लीत माझं नाव झालं होतं, दोन शेजाऱ्यांनी आपल्या पोरांना माझ्यासारखं व्हा म्हणून बजावलं होतं. मी चार महिने गप्प बसलो. चार महिने अण्णा आपला मित्र दगडाच्या काळजाचा निघाला असं मानत राहिले आणि मी समोर बसून भाकरी खात राहिलो.

शेवटी एका सकाळी सांगितलं. अण्णा रागावले नाहीत; रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल."

नवागामला काकू दारातच भेटल्या. लग्नाच्या दिवशी काका सकाळी अंघोळ करून, पांढरे कपडे घालून दुपारपर्यंत खाटेवर बसले होते, असं त्यांनी सांगितलं. पत्रिका नाही तरी कोणीतरी बोलवायला येईल, असं त्यांना वाटत होतं.

मी काकांना स्वर, एच, व्ही, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुना मशिनना हिशोबमा मी आन माधव एकच?"

"हो काका."

ते अण्णांकडे वळले. मग म्हणाले, "मंग मी जेवी उनू तर."

अण्णा हसले आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी खाली बघत होतो. ताईच्या लग्नाच्या एकाही फोटोत काका नाहीत, आणि ते आता कुठल्याच युक्तीने भरून येण्यासारखं नाही.

त्यानंतर घरच्या कार्यातले पत्ते मी हातानेच लिहितो. माझं अक्षर असं आहे की पत्रिका आपली की शेजाऱ्याची हे विचारायला माणसं घरी येतात. त्यांना मी तोंडी आमंत्रण देतो.