सहाशे-सोळाचे टायर

चाकरमानी मुंबईहून काही घेऊन आला की त्याला नको म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. आणलेला सदरा तोकडा असो की स्टोव्ह गळका असो, वर "कशाला एवढा त्रास घेतलात" म्हणायचं आणि वस्तू माळ्यावर टाकायची. हा कायदा ज्याने काढला तो मला भेटायला हवा होता. त्यापायी माझ्या बाबांची गाडी गेली.

गाडी म्हणजे जुनी पिकप. लष्कराच्या लिलावातून निघून चार हात फिरत रत्नागिरीला आलेली. हौदा भलामोठा आणि चाकं मात्र सडपातळ. तिचं मूळ माप सहाशे-सोळा, म्हणजे सोळा इंचांच्या रिमवर सहा इंच जाडीचा टायर. टायर झिजले की बाबा त्यांच्यावर नवं रबर चढवून आणत, पण माप कधी बदललं नाही.

आमच्या वाडीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर कातळ फोडून केलेल्या उतारावरून जावं लागे. दोन्ही बाजूंना जांभा दगड रचून घातलेले गडगे आणि मध्येच एक अवघड वळण. बाबा पेट्यांनी भरलेली गाडी तिथून एका दमात काढत. सगळ्या वाडीचा आंबा त्यांच्याच गाडीतून खाली उतरे. आमचं घर त्यावर चालायचं आणि बाबांना जो काही मान होता तोही त्या गाडीमुळेच होता.

ऐंशीच्या दशकातला तो मे महिना. थोरले काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, मुंबईला गोदीत होते. ते एसटीच्या टपावर चार टायर बांधून घेऊन आले. लठ्ठ, काळेभोर, एखाद्या लॉरीला शोभतील असे. मी वाकून आकडा वाचला.

"काका, यावर साडेसातशे लिहिलंय."

"आणि पुढे काय लिहिलंय? सोळाच ना? मग झालं तर! सोळा म्हणजे सोळा. न बसायला काय झालं?"

बाबा टायरवरून हात फिरवत उभे होते.

टायर रिमवर चढले, यात शंका नाही. पण चाक चांगलं चार बोटं उंच झालं आणि गाडी वळवली की पुढचं मडगार्ड त्याला घासायला लागलं. इथे तरी शहाण्या माणसाने थांबावं की नाही? काकांनी लोखंड कापायची करवत मागितली. ती बाबांनी स्वतः आणून दिली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. काकांनी दोन्ही मडगार्डांच्या कडा कापल्या, रिकामी गाडी अंगणात गोल फिरवायला लावली आणि गड जिंकल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं. जुने टायर त्यांनी बंदरावरच्या ओळखीच्या खलाशांना देऊन टाकले. होडीच्या अंगाला बांधायला त्यांना ते हवेच असतात. बदल्यात पापलेटं आली. घरात सगळे ताव मारत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी एका तुकडीलाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. आमच्या पेट्या, भाऊबंदांच्या पेट्या. शेजारी काका बसले, मी मागे हौद्यात. रिकाम्या गाडीत जे कळलं नव्हतं ते आता कळलं. वजनाने स्प्रिंगांचे पाटे बसले, गाडी खाली दबली आणि मडगार्डाची कापलेली धारदार कड टायरच्या अगदी अंगावर आली. वळणावर बाबांनी स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि त्या कडेने टायर उभा चिरला. फट्कन आवाज झाला. गाडी गडग्यावर जाऊन आदळली, पुढचा आस वाकला, बाबांचं मनगट मोडलं. पेट्या फुटून वाडीचा आंबा उतारावरून गडगडत गेला.

माणसं धावत आली. काका खाली उतरले, धोतर झटकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याचो हात आता पयल्यासारखो रवलो नाय. मी कधीपासून सांगतंय, गाडी सोड."

माझं डोकं फिरलं. "टायर तुम्ही आणलेत, मडगार्ड तुम्ही कापलंत!" मी ओरडले.

"गप बस गो!" बाबा माझ्यावर खेकसले. मोडलेला हात पोटाशी धरून, त्याच माणसांसमोर. "थोरले आहेत ते. पाया पड त्यांच्या."

मी पडले. दात आवळून पडले. काका मला "मोठी हो" म्हणाले.

गाडी भंगारात गेली. मनगट वाकडंच जुळलं. पुढच्या हंगामापासून बाबा दुसऱ्याच्या टेम्पोवर पेट्या मोजायला उभे राहू लागले, आणि वाडीत सगळे म्हणत, बिचाऱ्याचा हात गेला हो.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना विचारलं, "बाबा, तो टायर चालणार नाही हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"एसटीवरून उतरवतानाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

ते वाकडं मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या लांबून आणले होते गो त्याने. आता तू त्याला सांगू नकोस हो. वाईट वाटेल त्याला."

मी सांगितलं नाही. आता दोघेही नाहीत. काकांना जिथे असतील तिथे वाईट वाटणार असेल, तर वाटू दे.