बिनचिंधीचे मोह

कोळसा शोधणाऱ्या कंपनीला आमच्या जंगलातली ती जागा मी दाखवली होती. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, आणि जिच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्या माझ्या थोरल्या बहिणीला, रमाताईला, तर नाहीच. मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामाजी, आई गेली..." आणि दुःखाच्याही आधी मनात आलं, आता सांगायचं राहूनच गेलं.

आमचं गाव एकोडीच्या पलीकडे. तलावाच्या वरच्या अंगाला गावाचं जंगल, त्यात मोहाची झाडं. जंगल सगळ्यांचं, पण फुलं वेचायला प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. मोह गळायला लागला की घरची बाई आपल्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. मग त्याखालचं फूल दुसरं कुणी उचलत नाही. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून उभ्या असलेल्या मोठ्या मोहांना मात्र कुणीच चिंधी बांधायची नाही; ते अस्वलांचे. लहानपणी मी तिथे वाकलो की ताई ओरडायची, "काहून रे बाबू, दुसऱ्याच्या ताटात हात घालून राहिला?"

मोठेपणी मी नेमकं तेच केलं. कंपनीत परिसराचा माहीतगार म्हणून लागलो होतो. साहेबांनी विचारलं, जमिनीत भोक पाडून कोळसा पाहायची मशीन उभी करायला भांडण होणार नाही अशी जागा कोणती? मी पाळीजवळचे मोह दाखवले. म्हणालो, "यांना चिंधी नाही. हे कुणाचेच नाहीत." अजाणता चुकलो असं म्हणायची सोय मला नाही. मला ठाऊक होतं.

मशीन आल्याचं कळलं तशी ताई घरोघरी फिरली. "आज भोक एवढंसं दिसते. कोळसा लागला का जंगल बी जाईन अन् तलाव बी जाईन." बौद्धवाड्यातली ही बाई गावातल्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून बोलली आणि सगळी ऐकत राहिली. ग्रामसभेने एकमुखाने नाही म्हटलं. मग वनखात्याचे अधिकारी पाहणीला आले. त्या सकाळी प्रत्येक बाई आपापल्या चिंधीखाली उभी होती. ताई मात्र स्वतःचं झाड सोडून अस्वलांच्या मोहाखाली.

"हे झाड तुमचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही सायेब. अस्वलाचं हाय."

"मग अस्वल कुठंय?"

"सांजच्याले येते. थांबा ना, भेटूनच जा."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अधिकारीही हसले, मग खाली बसून त्यांनी ओरखडलेली माती, ताजी विष्ठा, सगळं नीट पाहिलं. मी त्यांच्या मागे, कंपनीची टोपी घालून उभा. ताईने मला पाहिलं. "अरे, तू बी आला? धुपात काहून उभा हायस, ये सावलीत." बस, एवढंच. मी गेलो नाही...

कंपनीला पुढची परवानगी मिळाली नाही; काही महिन्यांनी मशीन निघून गेली. ती नोकरी मी सोडली. ताईला वाटलं, तिच्यासाठी सोडली. कुणी मशीनची गोष्ट काढली की ती म्हणायची, "माह्या भावानं नोकरीवर लाथ मारली." तिच्या तोंडून ते ऐकताना मान वर व्हायची नाही. तिचा अभिमान मात्र मला उघडपणे वाटायचा, आजही वाटतो. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या बहिणीने एक अख्खं जंगल जागेवर ठेवलं.

परवा गेलो होतो. तिच्या झाडाला निळ्या काठाची चिंधी तशीच आहे, यंदा तिनेच बांधलेली. खाली फुलं पडून सुकली होती. कुणी उचलली नव्हती. पाळीजवळचे मोह नेहमीसारखे बिनचिंधीचे, आणि खालची माती ताजी उकरलेली.

मी त्याच सावलीत जाऊन बसलो. पण ग्रामसभेत उभं राहून, "जागा मी दाखवली होती," हे गावाला तोंडाने सांगणं अजून बाकी आहे. ते मी देणं लागतो.